एकचल समीकरणं कशी सोडवायची, आणि पायरी नेमकी कुठे चुकते

बीजगणितात अडलेल्या मुलाची वही उघडली की बहुतेक चुका ठरावीक ठिकाणी सापडतात: वजा चिन्ह, कंस, आणि ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे अर्धवट पाठ झालेलं वाक्य. यातलं तिसरं सगळ्यात जास्त नुकसान करतं. म्हणून या लेखात ते वाक्य मुद्दाम उशिरा येईल. सातवी-आठवीची मुलं, त्यांना घरी शिकवणारे पालक आणि बऱ्याच वर्षांनी स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा गणिताकडे वळलेली मोठी माणसं, सगळ्यांना हाच क्रम चालेल. पाठ्यपुस्तकात चलासाठी, म्हणजे किंमत शोधायची असलेल्या संख्येसाठी, रोमन अक्षर असतं, इथे ‘क्ष’ वापरला आहे.

आधी हे तपासा

पुढची पाच उत्तरं कागद न घेता, न अडखळता येतात का ते पाहा:

−७ + ३
−७ − ३
३ − (−८)
(−४) × (−५)
२/३ + १/४

उत्तरं अनुक्रमे −४, −१०, ११, २० आणि ११/१२. (शेवटच्याला कागद घेतला तरी चालेल.) पहिल्या चारांपैकी एकही चुकलं, तर समीकरणं आठवडाभर बाजूला ठेवा आणि पूर्णांकांची बेरीज-वजाबाकीच करा. हा आठवडा वाया जात नाही. ‘समीकरण येत नाही’ अशी तक्रार असलेल्या पुष्कळ मुलांना खरं तर −७ − ३ येत नसतं.

लिहिण्याच्या पद्धतीतल्या दोन गोष्टीही पक्क्या हव्यात. ५क्ष म्हणजे ५ × क्ष. क्ष ची किंमत २ असेल तर ५क्ष = १०, ५२ नव्हे. आणि नुसता क्ष म्हणजे १क्ष, नुसता −क्ष म्हणजे −१ × क्ष. सहगुणक, म्हणजे क्ष ला गुणणारी संख्या, लिहिलेला नसला तरी तो तिथे असतो. ७क्ष − क्ष चं उत्तर ७ लिहिणारे हेच विसरलेले असतात. ते ६क्ष आहे.

बरोबरचं चिन्ह काय सांगतं

प्राथमिक शाळेत ‘=’ नंतर नेहमी उत्तर येतं. त्यामुळे मुलांना ते ‘आता उत्तर लिहा’ असा इशारा वाटतं. समीकरणात मात्र ते सांगतं की डाव्या बाजूची किंमत आणि उजव्या बाजूची किंमत एकच आहे. हा फरक कळला नसेल तर वहीत अशी साखळी दिसते:

२क्ष + ५ = १७ = १७ − ५ = १२ = १२ ÷ २ = ६

उत्तर ६ बरोबर आहे, पण या ओळीत १७ = १२ = ६ असं लिहिलं गेलंय. सोप्या उदाहरणात हे खपून जातं. दोन्ही बाजूंना क्ष आला की असं लिहिणारा विद्यार्थी हमखास अडकतो, कारण त्याच्याकडे उजवी बाजू अशी राहतच नाही. म्हणून नियम एकच ठेवा: एका ओळीत एकच ‘=’, आणि प्रत्येक ओळीचं ‘=’ वरच्या ओळीच्या ‘=’ खाली. चौकटीची वही यासाठी फार सोयीची पडते. ओळीच्या उजवीकडे, त्या पायरीला काय केलं ते दोन शब्दांत लिहा.

समीकरण सोडवताना करायला परवानगी असलेल्या गोष्टी दोनच: एखादी बाजू जागच्या जागी सोपी करणं (कंस सोडवणं, सरूप पदं, म्हणजे क्ष ची पदं क्ष च्या पदांशी आणि संख्या संख्यांशी, एकत्र करणं), किंवा दोन्ही बाजूंवर तीच क्रिया करणं, म्हणजे समान संख्या मिळवणं, वजा करणं, किंवा शून्य नसलेल्या समान संख्येने गुणणं वा भागणं. यासाठी तराजूचं चित्र दाखवतात. पहिल्या दोन दिवसांपुरतं ते ठीक आहे, पण पारड्यात −३ किलो ठेवता येत नाही, त्यामुळे ऋण संख्या आल्या की तराजू सोडून द्यावा आणि नियमावर यावं.

एका पायरीची समीकरणं

क्ष + ९ = ४
दोन्ही बाजूंतून ९ वजा: क्ष = −५

क्ष − ६ = −२
दोन्ही बाजूंत ६ मिळवा: क्ष = ४

७क्ष = −४२
दोन्ही बाजूंना ७ ने भागा: क्ष = −६

क्ष/५ = ३
दोन्ही बाजूंना ५ ने गुणा: क्ष = १५

इथवर फारसं कोणी चुकत नाही. चुकतात ती याच वर्गातली जरा आडवळणाची. ४क्ष = ३ चं उत्तर ३/४. पुष्कळ मुलं ४/३ लिहितात, कारण ‘मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं’ अशी सवय लागलेली असते. ज्याने क्ष ला गुणलंय त्यानेच भागायचं, मग ती संख्या लहान असो वा मोठी. −क्ष = ७ हे अजून सुटलेलं नाही, कारण आपल्याला क्ष ची किंमत हवी आहे, −क्ष ची नव्हे. दोन्ही बाजूंना −१ ने गुणा, क्ष = −७. आणि (२/३)क्ष = १० मध्ये दोन्ही बाजूंना ३/२ ने गुणलं की एका फटक्यात क्ष = १५ मिळतो.

दोन पायऱ्या: कंचेभागुबेव उलटं चालवा

पदावली सोडवताना कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम पाठ असतो. समीकरणात क्ष च्या भोवती या क्रिया आधीच झालेल्या असतात आणि आपण त्या उतरवत असतो. म्हणून शेवटी झालेली क्रिया आधी उतरवायची.

३क्ष − ७ = ११

क्ष वर काय काय झालं? आधी ३ ने गुणलं, मग ७ वजा केले. उतरवताना आधी ७:

३क्ष = १८ (दोन्ही बाजूंत ७ मिळवले)
क्ष = ६ (दोन्ही बाजूंना ३ ने भागलं)

आधी ३ ने भागलं तर चालेल का? चालेल, पण मग डाव्या बाजूच्या प्रत्येक पदाला भागावं लागेल: क्ष − ७/३ = ११/३. इथे क्ष − ७ = ११/३ लिहिणं ही नेहमीची चूक. भागाकार बाजूला लागू होतो, एखाद्या पदाला नाही. अपूर्णांक टाळायचे असतील तर भागाकार शेवटी ठेवलेला बरा.

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’

आता हे वाक्य घेऊ. ३क्ष − ७ = ११ मधून थेट ३क्ष = ११ + ७ लिहिता येतं, आणि सरावलेला माणूस तसंच लिहितो. −७ उडी मारून पलीकडे गेलेला नसतो. दोन्ही बाजूंत ७ मिळवल्यावर डावीकडे −७ + ७ शून्य होतं, उजवीकडे +७ उरतो. मधली ओळ गाळली, एवढंच.

ती ओळ कधी पाहिलीच नसेल तर वाक्याचा अर्थ हवा तसा लावला जातो. ३क्ष = १८ आलं की कोणी ‘३ पलीकडे, चिन्ह बदला’ म्हणत क्ष = १८ − ३ = १५ लिहितं. कोणी भागतं खरं, पण चिन्हही बदलतं: क्ष = १८/(−३) = −६. दोन्ही चुका एकाच मुळातून आलेल्या आहेत. चिन्ह बदलण्याचा प्रकार फक्त मिळवलेल्या किंवा वजा केलेल्या पदांचा आहे. सहगुणक क्ष ला गुणलेला असतो, तो भागाकारानेच सुटतो, आणि भागताना स्वतःचं चिन्ह तसंच ठेवून भागतो: −४क्ष = २० असेल तर क्ष = २०/(−४) = −५.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिली चाळीस-पन्नास उदाहरणं तरी दोन्ही बाजूंची क्रिया लिहूनच सोडवावीत. वही भराभर संपते, संपू द्या.

दोन्ही बाजूंना क्ष

५क्ष − ८ = २क्ष + १३

दोन्ही बाजूंतून २क्ष वजा: ३क्ष − ८ = १३
दोन्ही बाजूंत ८ मिळवा: ३क्ष = २१
क्ष = ७

ताळा: डावी बाजू ५ × ७ − ८ = २७, उजवी बाजू २ × ७ + १३ = २७.

क्ष डावीकडेच आणला पाहिजे असं काही नाही. ज्या बाजूला क्ष चा सहगुणक लहान, तिथला क्ष काढून टाका, म्हणजे उरलेला सहगुणक धन राहतो. ३क्ष + २० = ७क्ष − ४ मध्ये दोन्ही बाजूंतून ३क्ष वजा केला की २० = ४क्ष − ४, मग २४ = ४क्ष, म्हणजे क्ष = ६. हेच डावीकडे ओढलं तर −४क्ष = −२४ येतं. उत्तर तेच, पण दोन वजा चिन्हं सांभाळत बसावं लागतं.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात (सिद्धांतशिरोमणी, इ. स. ११५०) हेच काम फार नीटसपणे मांडलंय. अव्यक्त (किंमत माहीत नसलेल्या) संख्येसाठी ‘या’, नुसत्या संख्येसाठी ‘रू’, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब, आणि दोन बाजू एकाखाली एक:

या ५ रू ८ (या ८ वर टिंब)
या २ रू १३

मग एका बाजूचा अव्यक्त दुसरीतल्या अव्यक्तातून वजा, संख्या उलट दिशेने वजा, आणि उरलेल्या संख्येला उरलेल्या अव्यक्ताने भाग: (१३ + ८) ÷ (५ − २) = ७. ज्या मुलांची पदं लिहिताना एकमेकांत मिसळतात, त्यांना आजही क्ष ची पदं एका रकान्यात आणि संख्या दुसऱ्या रकान्यात लिहायला लावलं तर चुका लगेच कमी होतात.

कंस

४(२क्ष − ३) − ३(क्ष − ५) = १८

बाहेरची संख्या आतल्या प्रत्येक पदाला गुणते आणि तिच्यामागचं चिन्हही सोबत जातं. दुसऱ्या कंसाला गुणणारी संख्या ३ नाही, −३ आहे.

८क्ष − १२ − ३क्ष + १५ = १८
५क्ष + ३ = १८
५क्ष = १५
क्ष = ३

आता +१५ च्या जागी −१५ लिहिलं असतं तर? ५क्ष − २७ = १८, ५क्ष = ४५, क्ष = ९. उत्तर अगदी सुबक आलं. ‘पूर्ण संख्या आली म्हणजे बरोबरच असणार’ हा समज इथे मोडतो. मूळ समीकरणात ९ ठेवून पाहा: ४ × १५ − ३ × ४ = ४८, आणि उजवीकडे तर १८ आहेत.

ताळा पाहताना दोन पथ्यं पाळा. किंमत मूळ समीकरणातच ठेवायची. मधल्या ओळीत ठेवली तर त्या ओळीच्या आधी झालेली चूक दिसणारच नाही. आणि ऋण किंमत कंसात घालून ठेवायची: ४ − २क्ष मध्ये क्ष = −३ म्हणजे ४ − २(−३) = १०. कंस न घालता ४ − २ − ३ लिहिलं की बरोबर उत्तरही चुकीचं ठरतं, आणि मूल ते खोडून टाकतं.

अपूर्णांक

(क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = ३

छेदांचा लसावि ६. त्याने दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पदाला गुणा.

३(क्ष + १) − २(क्ष − २) = १८
३क्ष + ३ − २क्ष + ४ = १८
क्ष + ७ = १८
क्ष = ११

ताळा: १२/२ − ९/३ = ६ − ३ = ३.

इथे दोन खड्डे आहेत. उजवीकडच्या ३ ला छेद दिसत नाही म्हणून त्याला ६ ने गुणायचं राहून जातं आणि क्ष = −४ येतो. दुसरा म्हणजे अपूर्णांकाची आडवी रेघ. ती कंसाचं काम करते. छेद गेला की रेघ जाते आणि तिच्यासोबत हा न दिसणारा कंसही जातो. म्हणून छेद काढतानाच अंशाला कंस घालायचा. तो घातला नाही तर −२क्ष − ४ होतं आणि क्ष = १९ मिळतो.

तिरकस गुणाकार फक्त दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हा. (२क्ष + ३)/५ = (क्ष + ६)/४ मध्ये तो चालतो: ८क्ष + १२ = ५क्ष + ३०, क्ष = ६. वरच्या उदाहरणात डावीकडे दोन अपूर्णांक आहेत, तिथे तो थेट लावता येत नाही.

दशांश अपूर्णांक असतील तर सर्वांत जास्त दशांश स्थळं असलेलं पद बघून १०, १०० किंवा १००० ने गुणा. ०.३क्ष + ०.०५ = ०.६५ चं ३०क्ष + ५ = ६५ होतं, क्ष = २.

छेदातच क्ष असेल तर सोडवण्याआधी, छेद शून्य करणारी किंमत बाजूला लिहून ठेवा. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) सोडवल्यावर क्ष = ३ येतो, पण त्या किमतीला छेदच शून्य होतो. म्हणजे याला उकल नाही.

क्ष गायब झाला तर

२(क्ष + ३) = २क्ष + ५ सोडवताना ६ = ५ उरतं. हे कधीच खरं नाही, म्हणून उकल नाही. ३(क्ष − २) + ६ = ३क्ष मध्ये ० = ० उरतं. इथे क्ष ची कुठलीही किंमत चालते. दोन्ही ठिकाणी मुलं घाईने क्ष = ० लिहितात. उलट ५क्ष = २क्ष चं उत्तर खरोखर ० आहे, पण दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं तर ५ = २ येऊन ‘उकल नाही’ असं वाटतं. क्ष शून्य असू शकतो, म्हणून त्याने भागायचं नाही. वजा करायचं: ३क्ष = ०, क्ष = ०.

शाब्दिक उदाहरणं

इथे गणितापेक्षा वाचन जास्त लागतं. पहिली ओळ ही असावी: ‘क्ष = मुलीचं आजचं वय, वर्षांत.’ नुसतं ‘मुलगी = क्ष’ नको. तिचं वय, उंची की गुण, आणि आजचं की सहा वर्षांनंतरचं, हे त्या ओळीत आलंच पाहिजे.

आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. ६ वर्षांनी ते तिच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघींची आजची वयं किती? आज: क्ष आणि ४क्ष. सहा वर्षांनी: क्ष + ६ आणि ४क्ष + ६. समीकरण ४क्ष + ६ = ३(क्ष + ६). सोडवल्यावर क्ष = १२, म्हणजे मुलगी १२, आई ४८. कंस विसरून ४क्ष + ६ = ३क्ष + ६ लिहिलं तर क्ष = ०, म्हणजे मुलीचा आज जन्म आणि आईचाही. असं उत्तर आलं की पेन थांबायला हवं. शाब्दिक उदाहरणाचा ताळा समीकरणात घेऊ नका, गोष्टीत घ्या: १८ ची तिप्पट ५४ होते का? होते.

५० आणि २० रुपयांच्या मिळून १८ नोटा आहेत, एकूण रक्कम ६०० रुपये. ५० च्या नोटा क्ष मानल्या तर २० च्या १८ − क्ष. मग ५०क्ष + २०(१८ − क्ष) = ६००, ३०क्ष + ३६० = ६००, क्ष = ८. पन्नासच्या ८, वीसच्या १०. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट मोजली जाते का, हे प्रत्येक वेळी बघा: दोन्हीकडे नोटांची संख्या, किंवा दोन्हीकडे रुपये.

मोठी माणसं हमखास चुकतात ते सुटीच्या, म्हणजे डिस्काउंटच्या उदाहरणात. २०% सूट मिळून वस्तू ९६० रुपयांना पडली, तर छापील किंमत? ९६० वर २०% चढवले तर ११५२ येतात आणि ते चूक आहे, कारण सूट छापील किमतीवर होती. क्ष − (२०/१००)क्ष = ९६०, म्हणजे (४/५)क्ष = ९६०, क्ष = १२०० रुपये.

सराव, चुकीच्या उत्तरांसकट

रविवारी एकदम पन्नास उदाहरणं सोडवण्यापेक्षा रोज आठ-दहा बरी, आणि प्रत्येकाचा ताळा. पुढची सात आधी उत्तर झाकून सोडवा.

१) ७ − २क्ष = १५. उत्तर −४. तुमचं ४ आलं तर २क्ष च्या मागचं वजा हरवलं. −११ आलं तर ७ वजा करण्याऐवजी मिळवलेत.

२) ६क्ष − (२क्ष − ९) = १. उत्तर −२. २.५ आलं तर कंसातल्या −९ चं चिन्ह बदललं नाही.

३) ५(क्ष − २) = ३क्ष + ४. उत्तर ७. ३ आलं तर ५ ने फक्त क्ष ला गुणलंत.

४) क्ष/३ + क्ष/४ = १४. उत्तर २४. २ आलं तर उजवी बाजू १२ ने गुणायची राहिली. ४९ आलं तर छेदांची बेरीज केलीत. अपूर्णांकांची बेरीज पुन्हा बघा.

५) (२क्ष − १)/३ = क्ष − २. उत्तर ५. १ आलं तर ३ ने उजवीकडच्या फक्त क्ष ला गुणलंत.

६) ९ − ३(क्ष − ४) = १२. उत्तर ३. ६ आलं तर आधी ९ − ३ करून मोकळे झालात. गुणाकार वजाबाकीच्या आधी. −५ आलं तर −३ × −४ चं चिन्ह चुकलं.

७) एका संख्येच्या दुपटीत ९ मिळवले, तर त्या संख्येच्या पाचपटीपेक्षा ३ ने कमी असलेली संख्या मिळते. समीकरण २क्ष + ९ = ५क्ष − ३, उत्तर ४. ७ आलं तर आधी ९ मिळवून मग दुप्पट केलीत. −६/७ आलं तर ‘पाचपटीपेक्षा ३ ने कमी’ हे ३ − ५क्ष असं उलटं मांडलं गेलं.